कणगीतला अर्ज

नव्या भाताचा वास आला की मला मुरबाडकडचं सासर आठवतं, आणि तिथल्या कणगीत भाताखाली दडवलेला एक अर्ज. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. लग्नानंतर दोनच वर्षांत मी विधवा झाले आणि चूल, उखळ नि परसदार एवढंच माझं जग उरलं. मी सातवी पास, म्हणून गावच्या मास्तरांच्या बायकोनं शहरात राहून करायच्या शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज आणून दिला. त्यावर सासऱ्यांची सही हवी होती. रोज ठरवायची, आज विचारीन. सकाळी ते शेताच्या घाईत असत, दुपारी झोपत, संध्याकाळी कुणी ना कुणी बसलेलं असे. मी ओटीच्या दारापर्यंत जाऊन मागं फिरे, आणि घराच्या भिंती आणखी जवळ सरकल्यासारख्या वाटत. विहिरीवर मास्तरीणबाई विचारत, “विचारलंस का गो?” मी म्हणे, “उद्या.” असा महिना गेला. मग एके सकाळी त्या म्हणाल्या, “परवा शेवटची तारीख आहे.” मी घागर तिथंच टाकून घरी आले आणि कणगीतून अर्ज काढला. सासरे ओटीवर दोर वळत होते. मी नुसताच कागद पुढं केला. त्यांनी तो सावकाश वाचला. “येवढंच?” ते म्हणाले. “महिनाभर दारात येतेस नि जातेस. मला वाटलं, आमच्याकडं राह्याचं नाय तुला. इचारायला मीच भ्यायलो.” त्यांनी मोडीत सही केली आणि मान वर न करता म्हणाले, “सुट्टीत येशील ना, पोरी?” पुढे तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. अजूनही मोठं काम समोर आलं की तोंडात आधी ‘उद्या’च येतं. त्या उद्याची वाट मात्र मी बघत नाही.