वहाळाच्या तोंडावरची माती

संवादाच्या दिवशी माझ्या पिशवीत ठरलेल्या वस्तू असतात. एक्स्टेंशन बोर्ड, लॅपटॉपचा चार्जर, नकाशाच्या प्रती, चहाचा थर्मास आणि डोकेदुखीची गोळी. गोळी आधी घ्यायची. नंतर घेऊन उपयोग होत नाही.

संवाद म्हणजे बँकेशी. आपण खातं उघडतो ती बँक नव्हे. सरकारांना कर्ज देणारी, परदेशात मुख्य कचेरी असलेली विकास बँक. आमच्या डोंगरातल्या काही रस्त्यांना तिचा पैसा आहे. पैसा दिला की स्थानिक संस्थांशी बोलायचं, असा तिचाच नियम आहे, म्हणून ती आमच्याशी बोलते. महाड-पोलादपुरातल्या लहान लहान संस्थांच्या वतीनं बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला कोणी निवडलं नाही. बैठकीचं टिपण मी दुसऱ्या दिवशी पाठवते, एवढ्यावर ते माझ्याकडे राहिलं.

यंदा मी एकच मुद्दा लावून धरला होता. पोलादपूरच्या डोंगरात एक बौद्धवाडी आहे. तिथवर नवा रस्ता होत होता. ठेकेदारानं डोंगर कापला आणि निघालेली माती, दगड सगळं वहाळाच्या तोंडावर ओतलं. वहाळ म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. तो वाडीच्या डोक्यावरून उतरतो आणि काकीच्या परसाला घासून पुढे जातो. काकी म्हणजे सख्खी नव्हे, पण माझ्या आईच्या माहेरची, म्हणून काकी. म्हातारी, एकटी, दोन खोल्यांचं घर. पावसाआधी ती माती उचलायला हवी होती. नाही उचलली तर पाणी ती खाली आणणार, आणि खाली पहिलं घर काकीचं. पावसात डोंगर खाली आला म्हणजे काय होतं, ते आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल.

बँकेचं म्हणणं असं की संस्थांनी चर्चा करावी, पण तक्रार ज्यांना झळ बसते त्यांनी करावी, आणि एकापेक्षा जास्त घरांनी. मला हे पटलं होतं. मी वर गेले. काकीनं लगेच सही केली. शेजारच्या घरातले आजोबा मात्र नुसते अर्जाकडे बघत बसले.

"मुंबईनं सांगूदे," ते म्हणाले. "मग एक सोडून धा सह्या करतो."

"आजोबा, घर तुमचं इथं आहे."

"घर हितं हाय, गो. पण आपलं ठरतं तिथं."

हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. आमच्याकडे प्रत्येक वाडीचं मुंबईला मंडळ असतं. लग्न, भांडण, विहिरीची दुरुस्ती, काहीही असो, रविवारी मंडळाची बैठक होते आणि निर्णय गावी कळवला जातो. मुंबईला विचारल्याशिवाय गावातला माणूस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. "बरं, बघू" म्हणतो आणि पाहुण्याला पाणी देतो. आधीच्या बैठकीत बँकेच्या बाईंना सगळ्या वाडीनं असंच पाणी दिलं होतं, आणि त्यांच्या अहवालात आलं की ग्रामस्थांनी सहकार्य केलं.

मी त्या बाईंना कळवलं की ही वाडी अर्धी मुंबईत राहते. माणूस म्हणून त्या चांगल्या होत्या. दिल्लीला असत, हिंदी बोलत, आणि प्रत्येक वाक्याआधी "आपकी बात समझ रही हूँ" म्हणत. त्यांनी लगेच सुचवलं, मग मुंबईलाही ऑनलाइन घेऊ. मला वाटलं, चला, निदान एवढं जमलं.

बाई स्वतः वर आल्या होत्या; समाजमंदिरात त्यांच्या शेजारी मी लॅपटॉप लावला. सकाळपासून वाडीतली माणसं तावातावानं बोलत होती. आजोबांनी तर ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या होत्या. मग पडद्यावर मुंबई आली. मंडळाच्या खोलीत पांढऱ्या शर्टातली माणसं दाटीवाटीनं बसलेली, मध्ये सचिव. सचिव म्हणजे काकीचा सख्खा पुतण्या. त्यानं "जय भीम" म्हटलं, इकडून सगळ्यांनी "जय भीम" म्हटलं, आणि त्यानंतर वाडी जी गप्प झाली ती झालीच.

"रस्त्याबद्दल मंडळाची कसलीही तक्रार नाही," सचिव म्हणाला. "विहाराचं बांधकाम अर्ध्यावर आहे. सिमेंट डोक्यावरून किती दिवस न्यायचं? रस्ता थांबता कामा नये."

"रस्ता थांबवा असं कोणी म्हणत नाही," मी म्हटलं. "माती उचला म्हणतोय."

"ताई, तक्रार झाली की पहिलं काम थांबतं. आपण काय आज बघतोय का?"

ते खरं होतं.

काकी मागे भिंतीला टेकून बसली होती. तिला बघून सचिवाचा आवाज उतरला. "काकी, पावसाचे चार महिने मुंबईला या. मी न्यायला येतो."

"तुज्या खोलीत?" काकी म्हणाली. "तुमी सा जणं आदीच एकमेकांच्या अंगावर झोपताव. मला काय टीवीवर ठेवशील?"

दोन्हीकडे हसू फुटलं. सचिवही हसला. बाईंनी विचारलं, काय झालं? मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. त्याही हसल्या, आणि मग खाली बघून त्यांनी लिहून घेतलं. त्यांच्या टिपणात ते असं आलं: तात्पुरत्या स्थलांतराचा पर्याय कुटुंबाने मांडला, चर्चा सौहार्दपूर्ण.

मी दुरुस्ती पाठवली. स्मरणपत्र पाठवलं. फोन केले. शेवटी एक यंत्र वर आलं, वरवरची माती उचलली आणि बाकीच्या ढिगावर तारेची जाळी ठोकून गेलं. जाळीचे फोटो सगळ्यांना पाठवले गेले. फोटोत ती फार व्यवस्थित दिसत होती.

पाऊस धरायच्या आत पुतण्या आला. काकीला घेऊन जायला त्यानं रजा काढली होती. नव्या रस्त्यानं गाडी थेट वाडीपर्यंत आली. "बघितलंत ताई," तो म्हणाला, "नाहीतर हिला पाठीवर घेऊन उतरायला लागलं असतं." त्यात टोमणा नव्हता. काकीनं दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि कोंबड्या आजोबांच्या हवाली केल्या.

"खाशील तर मुंबईस्नं येऊन तुला खाईन," तिनं त्यांना बजावलं.

आता पाऊस जोरात आहे. काकी बहुतेक दिवशी सकाळी फोन करते. जय भीम नाही, काही नाही.

"माती आली काय गो?"

"नाही आली."

"मंग मी येते."

"थांबा अजून. आजोबांनी सांगितलंय, जाळी एका बाजूनं फुगली आहे."

गेल्या आठवड्यात बँकेच्या बाई बदलून दुसऱ्या देशात गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं: वाडी कुठे, वहाळ कुठे, माती कशी आली. ऐकून घेतलं त्यांनी, अगदी शांतपणे. मग विचारलं, त्या घरात सध्या कोण राहतं? मी म्हटलं, सध्या कुणी नाही. ते म्हणाले, मग धोक्यात असलेलं कुटुंब नाही, मुद्दा बंद करता येईल का, ते तुम्ही सोमवारपर्यंत कळवा.

हे मी काकीला सांगायला नको होतं. पण तिनं विचारलं, आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही.

"म्हंजे मी तिथं ऱ्हायले तर उचलतील," ती म्हणाली.

"कदाचित. आणि त्याआधी ती खालीही येईल."

"उद्याच्या गाडीनं येते. सांग त्याला, ऱ्हाते म्हणून. घर माजं हाय."

सोमवारपर्यंत दोन दिवस होते. घरात माणूस आहे असं कळवलं असतं तर मुद्दा उघडा राहिला असता. इतक्या बैठकांत मला मिळालेलं हे पहिलं धारदार हत्यार होतं, आणि ते म्हणजे एका म्हातारीला पावसात वहाळाखाली झोपवणं. मागून पुतण्याच्या घरातला कुकर शिट्टी देत होता.

"काकी, येऊ नका," मी म्हटलं.

"मंग त्या मानसाला काय सांगशील?"

"सांगते काहीतरी."

"तुजं काहीतरी," काकी म्हणाली, "मी कवापासनं ऐकते." तरी फोन तिनं ठेवला नाही. मग हळूच विचारलं, "जाळी कंच्या बाजूला फुगली हाय? माज्या?"

मी हो म्हटलं.