गाव बांधायच्या आधी

मे १९५६, आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर. हजर माणसं: गाडी चालवणारे ढोरांचे डॉक्टर मुळे, त्यांच्या मागं बसलेला लालसू, आणि साइडकारमध्ये मी, लाकडाच्या ठेकेदाराच्या वर्कशॉपमधला मिस्त्री. माझ्या मांडीवर भुसा आणि बर्फ भरलेला डबा, त्यात लस. मोटरसायकल लढाईनंतरच्या लिलावातली. ती दुसऱ्यांदा बंद पडली होती.

लालसूच्या गावात जनावरांना बुळकांड्या, म्हणजे जुलाबानं ढोरं मारणारा साथीचा रोग, लागला होता. अशा वेळी तिकडे गाव बांधतात. शिवेवर पूजा होते, वाटेवर दोरी लागते. मग गाव उघडेपर्यंत बाहेरचा माणूस आत नाही आणि आतलं जनावर बाहेर नाही. गायता, म्हणजे गावचा पुजारी, लालसूच्या शब्दावर सूर्य बुडेपर्यंत थांबायला तयार झाला होता.

"काय मिस्त्री, गाडीलाही बुळकांड्या झाला का?" डॉक्टर म्हणाले.

"मॅग्नेटो तापतो साहेब. जुना आहे."

मॅग्नेटो म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र. जुनं झालं की आतली तार तापते आणि ठिणगी मरते. थंड झालं की परत येते. आमची गाडी अगदी तशीच वागत होती. काही मैल चालायची, खोकायची, थांबायची, थोड्या वेळानं सुरू व्हायची. मी प्लग काढून इंजिनाला टेकवला, डॉक्टरांनी किक मारली. ठिणगी पिवळट दिसली. चांगली ठिणगी निळी असते. मी मॅग्नेटो उघडून साफ केला, वर ओलं फडकं ठेवलं. गाडी सुरू झाली. माझं निदान पक्कं झालं.

पुढं नाल्याजवळ पुन्हा तेच.

"मिस्त्रीभाऊ, काऊन बंद पडून राह्यली हे?" लालसू म्हणाला. "माहे दोन बैल आहेत घरी. अजून धड आहेत."

"होते सुरू. थंड होऊ दे."

"बैलबंडीनं निंघालो असतो तं पोचलो असतो."

डॉक्टर हसले. लालसू फडकं भिजवायला नाल्याच्या डबक्याकडे गेला.

सावल्या लांबल्या तेव्हा मी पेट्रोलकडे वळलो. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडली. कॉक उघडा, टाकी अर्धी भरलेली, आणि नळीतून नुसते थेंब. टाकीचं झाकण फिरवायला गेलो तर ते चिकटलेलं. जोर लावला तशी सूं करून हवा आत गेली आणि खाली धार लागली.

या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल उतरेल तशी वरून हवा आत यावी म्हणून. ते डिंकानं बुजलं होतं. सकाळी झाकणातून पेट्रोल गळत होतं. आम्ही चहा पीत होतो तेव्हा लालसूनं पिशवीतला धावड्याचा डिंक भिजवून झाकण लिंपून टाकलं. डिंक गोळा करणं हे त्याचं रोजचं काम, आणि डिंक पेट्रोलमध्ये विरघळत नाही. गळती थांबली, आम्ही त्याला शाबासकी दिली. नंतर गाडी उभी असली की कुठून तरी हवा झिरपायची. मला वाटायचं, मॅग्नेटो थंड झाला.

"त्याला आत्ता काही बोलू नका," डॉक्टर हळूच म्हणाले. मी तारेनं भोक मोकळं केलं.

त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही. शिवेवर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि दोरी लागली होती.

लालसू दोरीपलीकडे उभ्या गायत्याशी गोंडीत बराच वेळ बोलला. गायत्यानं नकाराची मान हलवली.

"काय म्हणतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हंते, तू पन आता बाहेरच राह्य."

डब्यात बर्फाचं पाणी झालं होतं. लस टाकून द्यावी लागली. गाव उघडलं तोवर लालसूचे दोन्ही बैल गेले होते.

धंद्यापुरता धडा एवढाच: गाडी चालून चालून बंद पडत असेल तर आधी टाकीचं झाकण उघडावं. त्याला हत्यार लागत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर लालसू वर्कशॉपमध्ये आला. "मिस्त्रीभाऊ, तो मॅग्नेटो दुरुस्त झाला का मले सांगजा. पुढच्या खेपेले डॉक्टरले येळेवर नेऊ."

"सांगतो," मी म्हणालो. ते सांगणं अजून बाकी आहे.