चार स्पीकरांची पेटी आणि तात्यांचा कान

माझ्या मेहुण्याचं लग्न मी एका लाकडी खोक्यापायी मोडत आणलं होतं. खोक्याचं माप चुकलं. एकदा ते लहान पडलं, एकदा मोठं झालं, आणि दोन्ही वेळा ते मीच, चांगला अभ्यास करून निवडलेलं होतं.

मी लोणावळ्यात राहतो आणि तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शनिवार-रविवार आमचा चौघांचा बँड आसपासच्या रिसॉर्टमध्ये जुनी हिंदी गाणी वाजवतो. माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार. ही गिटार नुसती वाजवली तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तिची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची आणि अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरच्या खोक्याला, तेव्हा कुठे आवाज निघतो. या खोक्याला आम्ही वाजवणारे कॅबिनेट म्हणतो. माझ्या सासुरवाडीत त्याला पेटी म्हणतात. कुणाच्या पेटीत एक स्पीकर असतो, कुणाच्यात दोन, कुणाच्यात चार. जागा केवढी आहे, उघडी की बंद, आणि ड्रमवाला किती बडवतो, हे पाहून ती निवडायची असते.

रिसॉर्टच्या छोट्या हॉलमध्ये माझी एका स्पीकरची पेटी मजेत चालायची. उचलायला सोपी होती, गाडीत मागच्या सीटवर निमूट बसायची, आणि माझी बायको मनीषा तिच्याबद्दल चांगलं बोलायची. (ती माझ्या फार थोड्या वस्तूंबद्दल चांगलं बोलते.) तिथेच सगळं थांबलं असतं तर मी आज सुखी माणूस असतो.

पण मनीषाच्या धाकट्या भावाचं, सागरचं लग्न ठरलं. माझी सासुरवाडी तिकोणा गडाच्या पायथ्याची, तिकोणा पेठेची. मुलगी आंदर मावळातली. मुलीचे वडील तात्या म्हणजे मोठं प्रस्थ. भातशेती, म्हशींचा गोठा, आणि ते उठले की अख्खी भावकी उठणार, ते बसले की बसणार. अशा माणसासमोर साखरपुड्यात डीजे लावायचा की नाही, यावर सासरे विचार करत बसले होते. तेव्हा मी, कुणी विचारलं नसताना, म्हणालो, "डीजे कशाला, मामा? मी आहे ना."

"जावईबापू, शब्द देताय न्हवं?" मामा म्हणाले. "मंग त्या डीजेवाल्याला न्हाई म्हणून सांगतो मी."

"निर्धास्त सांगा."

आमचा ड्रमवाला दत्ता माझ्याच कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याला जागा सांगितल्यावर तो म्हणाला, "घरामागचं रान म्हणजे उघड्यावर. तुझी ती पेटी पुरायची नाही." मी जेवणाच्या सुट्टीत त्याला वॅटचं गणित समजावून सांगितलं. किती वॅटला किती लांब आवाज जातो, कागदावर चित्र काढून दाखवलं. सगळं ऐकून तो "बरं" म्हणाला. क्वालिटीची माणसं माल नापास करायच्या आधी असंच "बरं" म्हणतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

साखरपुड्याचा मांडव सासऱ्यांच्या घरामागे, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात होता. मागे तिकोणा, पुढे लांबवर पवनेचं पाणी, आणि मधून वारा. मांडववाल्याकडे माइक एकच होता, तो गाणाऱ्याला गेला. दत्ताच्या ड्रमला माइक लागत नाही. त्याला कमी करायचं बटण लागतं. उरलो मी. बंद खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे छोटी पेटीसुद्धा भरून वाजते. इथे भिंतीच नव्हत्या. माझा आवाज पेटीतून निघाला, पवनेच्या दिशेनं गेला आणि त्यानंतर त्याचा काही पत्ता लागला नाही.

मला मात्र, पेटीच्या तोंडासमोर खेटून उभा असल्यामुळे, छान ऐकू येत होतं. तिसऱ्या गाण्यात माझा एकट्याचा मोठा तुकडा होता. मी डोळे मिटून, तार खेचून, जीव तोडून वाजवला. डोळे उघडले तर समोर सासूबाई कपबशी घेऊन उभ्या.

"जावईबापू, सुरू करायच्या आदी चा घ्या," त्या म्हणाल्या. "मंग जमायचं न्हाई."

मी चहा घेतला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्याहून वाईट मला नंतर कळलं. मी वाजवत असताना तात्या पहिल्या रांगेतून माझ्याकडे एकटक पाहत होते. गाणं त्यांना माइकमधून ऐकू येत होतं, ड्रम ऐकू येत होते. माझं मात्र नुसतं दिसत होतं. वाकडं झालेलं तोंड आणि थरथरणारी बोटं. त्यांनी मनीषाला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पाव्हण्यांचा हात आखडलाय काय?"

"नाही तात्या, वाजवतायत ते."

"लाजू नगा. आमच्या गोठ्यात त्याल हाय. म्हशीच्या सांध्यांना लावतो आमी. लय गुणाचं."

दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली खरोखरच घरी आली. ती पाहून मनीषा जे बोलली, ते मी इथे लिहीत नाही.

लग्न आणि हळद दोन्ही कामशेतच्या एका मंगल कार्यालयात ठरली. हळद आदल्या संध्याकाळी, दोन्ही घरांची एकत्र. सागरनं फोन केला आणि आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "दाजी, हळदीला डीजे सांगू का?"

"हळदीला मीच वाजवणार," मी म्हणालो.

आता मोठी पेटी घ्यायची, हे नक्की होतं. दत्ता म्हणाला, "दोन स्पीकरची घे. आणि जमिनीवर ठेवू नकोस. खुर्चीवर ठेव, म्हणजे आवाज तुझ्या कानाशी येईल." मनीषाही म्हणाली, दोनची बघा. दोन माणसं, ज्यांचं एरवी कशावरही एकमत होत नाही, ती दोनवर ठाम होती. पण ज्याच्या हाताला म्हशीचं तेल सुचवलं गेलंय, त्याला दोननं समाधान होत नाही. मी चार स्पीकरची पेटी आणली.

ती खंडाळ्यातल्या एका वाजवणाऱ्याकडे पडून होती. त्यानं घासाघीस केली नाही. उलट चहा दिला, आणि पेटी टेंपोत चढवायला त्याच्या घरची सगळी माणसं बाहेर आली. टेंपो वळेपर्यंत ती दारात उभी होती. मला वाटलं, किती प्रेमळ कुटुंब आहे.

पेटी आमच्या बसायच्या खोलीत आली आणि टीव्ही दिसेनासा झाला. घरी मी ती एकदाच वाजवली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस बंद केला आणि जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मनीषानं पेटीवर टॉवेल वाळत घातले आणि म्हणाली, "निदान याला तरी उपयोगी पडू दे."

हळदीचा हॉल बंद होता. वर पत्रे, खाली फरशी, चारी बाजूंनी गुळगुळीत भिंती. पेटी मी स्टेजच्या काठावर ठेवली. खुर्चीवर ठेवायची तर तेवढी दणकट खुर्ची कार्यालयात नव्हती.

आता गिटारच्या स्पीकरचा एक स्वभाव सांगायला हवा. तो आवाज पसरत नाही; बॅटरीच्या झोतासारखा सरळ समोर फेकतो. शेजारी उभ्या असलेल्याच्या पोटऱ्यांना आवाज लागतो, कानाला लागत नाही. पण समोर, बरोबर त्या उंचीवर, कुणाचं डोकं असेल तर त्याला सगळाच्या सगळा मिळतो. स्टेज कमरेएवढं होतं, त्यावर पेटी, आणि पेटीच्या बरोबर समोर व्याह्यांसाठी खास मांडलेला सोफा. सोफ्यावर तात्या.

पहिलं गाणं सुरू झालं. मला माझंच ऐकू येईना. तिकोणा पेठेची आठवण झाली. मी आवाज वाढवला. दत्तानं मागून काठी खाली-खाली करून दाखवली. मला वाटलं, ताल धरतोय. मी आणखी वाढवला. तेवढ्यात तात्यांनी एक हात कानावर ठेवला. जुने गवई सूर लावताना ठेवतात ना, तसा. तात्या भजनात गातात, हे मनीषानं मला सांगितलं होतं. मला भरून आलं. थोड्या वेळानं त्यांनी दुसराही हात दुसऱ्या कानावर ठेवला, तेव्हा मी त्यांना मान लववून दाद दिली, पेटीजवळून आणखी बाजूला झालो (आड येऊ नये म्हणून) आणि माझा मोठा तुकडा खास त्यांच्यासाठी वाजवला.

वरचे पत्रे थरथरत होते. पाटावरची हळदीची वाटी एकटीच चालत काठाशी आली आणि खाली गेली. माझे डोळे, सवयीप्रमाणे, मिटलेले होते.

डोळे उघडले तेव्हा सोफा रिकामा होता. तात्या दाराबाहेर पडत होते, त्यांच्या मागे त्यांचे भाऊ, भावांच्या मागे बायका. अर्धा हॉल मोकळा झाला. हळद लावून बसलेला सागर हळदीच्या आतून पांढरा पडलेला दिसत होता. सासूबाई होत्या तिथे फरशीवर बसल्या.

मुलीचे काका आत येऊन मामांना म्हणाले, "तात्या गाडीत जाऊन बसल्यात. कुनाशी बोलंनात. काय बी इचारलं तरी नुसतं बगत्यात. मानूस एवढा दुखावलाय."

"मुद्दाम त्यांच्या तोंडावर पेटी लावली," मागून कुणीतरी म्हणालं. आमच्या बाजूनं कुणीतरी त्याला उत्तर दिलं. त्या उत्तराला आणखी एक उत्तर आलं. बाहेर, माणसं परत न्यायला गाडी लावा, असं चाललेलं ऐकू आलं. मुलगी आतल्या खोलीत रडत होती. मी अजून गिटार गळ्यात अडकवून उभा होतो आणि ती काढायचंही मला सुचत नव्हतं.

मामा माझ्याजवळ आले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "जावईबापू," ते एवढंच म्हणाले, "जाऊन पाया पडा त्यांच्या. दुसरा इलाज न्हाई."

"मी येते बरोबर," मनीषा म्हणाली. "एकटे गेलात तर आणखी काहीतरी कराल."

तात्या गाडीत मागच्या सीटवर ताठ बसले होते. मी दार उघडलं, हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणालो, "तात्या, माफ करा. आवाज जरा जास्तच झाला."

"काय?" तात्या म्हणाले.

"माफ करा म्हणतोय. चुकलं माझं."

"आं?"

माणसाला आपल्याकडून सगळं वदवून घ्यायचंय, असं मला वाटलं. मी आवाज चढवला. ते पुन्हा "आं?" म्हणाले. मी आणखी चढवला. शेवटी मी पार्किंगमध्ये उभा राहून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होतो, "चूक माझी आहे, तात्या. मला पेटीतलं काही कळत नाही." ड्रायव्हर जमले. आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला. दोन्हीकडचे पाहुणे भांडण थांबवून ऐकायला आले.

तात्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "न्हाई वो. आजून जेवलो न्हाई."

मला काही कळायच्या आत मनीषानं हातानं घासाची खूण केली आणि म्हणाली, "चला मग, पानं वाढलीत."

तात्या लगेच खाली उतरले. ते रागावलेलेच नव्हते. त्यांच्या कानात दडे बसले होते. डोक्यात जे काही घणघणत होतं ते थांबेपर्यंत शांत बसावं म्हणून ते गाडीत गेले होते. भावकी मागे आली, कारण ते उठले की भावकी उठते. कुणी काय विचारतंय ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. आता ते पंगतीत बसले, तशी भावकीही बसली. समोर ताट आल्यावर आपण कशावरून भांडत होतो हे कुणालाच नीट आठवेना.

त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे जेवताना ते शेजारी बसलेल्या मामांच्या कानात जे हळूच बोलले ते अख्ख्या हॉलनं ऐकलं. "मटन वाईच चिवट हाय, पर कुनाला बोलू नगा." आचारी झारा घेऊन आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांपर्यंत त्यांचा एक कान मोकळा झाला आणि लग्न लागलं. मिरवणुकीला कामशेतचा बँडवाला होता. मी अक्षता वाटत होतो. तेवढंच काम मला दिलं होतं. मोठी पेटी परत द्यायला मी खंडाळ्याला जाऊन आलो. घरात टीव्हीचा आवाज येत होता, पण दार कुणी उघडलं नाही. आता दोन स्पीकरची पेटी घेतली आहे. ती अगदी योग्य मापाची आहे. सासुरवाडीत ती कुणी ऐकलेली नाही.

मागच्या महिन्यात सागरच्या मुलीचं बारसं झालं, आंदर मावळात, तात्यांच्या घरी. सागरचा फोन आला. "दाजी, तात्यांनी मुद्दाम सांगितलंय, तुम्ही आलंच पाहिजे. आहेर नको, काही नको. फक्त हात हलवत या."

तसाच गेलो. तात्यांनी मायेनं मला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवून घेतलं. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. गाणं गोड होतं, बाळ टुकुटुकु बघत होतं, माझं मन भरून आलं आणि मी तालावर टाळ्या वाजवू लागलो.

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला आणि म्हणाले, "पाव्हणं, जरा हळू."