मोडेम गुजरातला, काकी उधव्यात

उधव्याच्या पंचायतीत नेट नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. नेट होतं. ते गुजरातला जाऊन बसलं होतं, एवढंच.

माझ्या काकीच्या वनजमिनीच्या दाव्याची सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती. साहेब जिल्ह्याला, काकी पंचायतीच्या बाकावर. आधी दोनदा पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं आणि काकीच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं. आज तिसरी तारीख, आणि पडद्यावर पुन्हा चाकच; आज 'गैरहजर' पडलं की दावा बंद. म्हणजे ती नागली लावते तो माळ गेला.

"वरूनच प्रॉब्लेम आहे," ग्रामसेवक म्हणाले.

"वरून म्हणजे कुठून, भाऊसाहेब? आभाळातून?"

"ताई, हे तुमचं पत्रक नाही. मशीन आहे. हात लावू नका."

मी हात लावला. संघटनेच्या पत्रकांत 'यंत्रणा' हा शब्द मी उठसूट लिहिते. ती हातात पहिल्यांदाच आली. दोन शिंगांचा पांढरा मोडेम, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. त्यामुळे दसऱ्याला त्याच्या पाठीचीच पूजा झालेली. सेटिंगचा पासवर्ड पाठीवरच्या स्टिकरवर, आणि स्टिकरवर हळदकुंकवाचा लेप. काकीने पदराला थुंकी लावली, "देवा, रागावू नको," म्हणाली आणि खसाखसा पुसलं.

पासवर्ड टाकून सेटिंग उघडलं, तर आत 'नेटवर्क निवड' ऑटोमॅटिकवर! उधव्यात फोन ऑटोवर ठेवला की तो हद्दीपलीकडचा, गुजरातचा टॉवर धरतो, हे इथे शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक. आम्ही सगळे मॅन्युअलवर ठेवतो. पण मोडेम बसवणारा बाहेरून आला, बसवून गेला. गावाला विचारतो कोण? त्यात रोमिंग बंद. पलीकडचा टॉवर धरला की सिग्नलच्या कांड्या फुल्ल, डेटा शून्य.

मी मॅन्युअल केलं, आपल्या बाजूचा टॉवर निवडला, मोडेम बंद करून चालू केला.

"बिघडलं तर तुमच्या नावावर लिहीन."

"लिहा की! हिला गैरहजर लिहिताना कुठे हात थरथरला?"

कॉल लागला. साहेबांचा चेहरा आला, आवाजही आला.

"अर्जदार हजर आहेत का?"

साहेब दिसताच काकी सवयीने उठून उभी राहिली. कॅमेऱ्यात नुसतं पोट. मी म्हटलं, "काकी, बस. बसूनच बोल."

ती बसली, पडद्याजवळ सरकली.

"हजर हाय. मागच्या दोन बारीला पन हितंच बसलेली. तुमीच नाय दिसलां. आता आधी ता गैरहजर खोडा, मंग माळाचा बोलू."