पहिला घोट

दगडाला पाझर फुटेल, पण आमच्या मास्तरांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द निघणार नाही, असं मी पांढुर्ण्यात सगळ्यांना सांगत असे. मास्तर म्हणजे माझे यजमान, पुंडलिकराव. मराठी शाळेत शिक्षक आणि आमच्या लहानशा चर्चचे पंच. वर्गातली पोरं नापास झाली तर पोरंच ढ. पाहुण्यांसमोर भलतंच बोलून गेले तर पाहुण्यांचा कान कच्चा. वर्षभर ओट्यावर बसून 'आपण नागपूरसंगच जाणार' म्हणून लोकांशी भांडले, आणि छप्पन साली राज्यांच्या फेररचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तर दुसऱ्या दिवशी म्हणतात, "मी तर पहिल्यापासून हेच म्हणून राहिलो होतो!" पडलो तरी नाक वर. मला हसू यायचं. पण त्यांच्या एका सबबीला मी कधीच हसले नाही.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरसाचा प्याला एकच. सगळे त्यातूनच एकेक घोट घेत. पहिला घोट मास्तरांचा. "पंचानं आधी घ्यावं, शिस्त असते," म्हणत. शिस्त कसली डोंबलाची! मास्तरांच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा तो कुणबी होता, आणि आमच्या चर्चची घंटा वाजवणाऱ्या रामाजींचा आजा महार. मधे दोन पिढ्या गेल्या, पण मास्तरांना रामाजींच्या ओठांनंतरचा प्याला चालत नसे. रामाजींच्या घरी चहा आला की ह्यांचं पित्त वाढे. नाताळाला त्यांच्याकडून करंज्या आल्या की ह्यांची दाढ दुखे. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "जात-बीत काही नाही, केसर. प्रकृतीचा प्रश्न आहे." अन् पुढच्या रविवारी हेच बंधुप्रेमावर बोलायला उभे! मला बायकांत बसून मान वर करवेना.

राज्य बदललं त्याच हिवाळ्यात एका शनिवारी मास्तर तिगावला एका आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला गेले. रविवारी परतीची गाडी उशिरा आली. ते चर्चमध्ये पोचले तेव्हा सगळ्यांचं घेऊन झालं होतं, आणि शेवटचा घोट रामाजींनी घेतला होता. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, प्याला धरून मास्तरांसाठी थांबले. मास्तरांनी प्याल्याकडे पाहिलं, रामाजींकडे पाहिलं आणि हात जोडले.

"पाळकसाहेब, आज मला क्षमा करा. माझं मन शुद्ध नाही. मी प्रभूच्या ह्या मेजाला लायक नाही."

अगं बाई! लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढी नम्रता!" म्हणून बाहेर जो तो ह्यांचा हात हातात घेऊन राहिला होता, पाया पडायचेच काय ते बाकी होते. ह्यांनी तेही पचवलं. घरी येऊन म्हणाले, "मी खोटं काय बोललो? मन शुद्ध नव्हतंच न!"

"खरं बोलून खोटं कसं सांगावं, ते तुमच्याकडून शिकावं," मी म्हटलं.

तेव्हापासून रामाजींनी प्याला घेणं सोडलं. घंटा वाजवत, मागच्या बाकावर बसत आणि भोजनाच्या वेळी मान खाली घालत. मी मास्तरांना दाखवलं. "त्याचं काही खाजगी असेल," म्हणाले.

उन्हाळ्यात रामाजींनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. एका भरदुपारी त्यांची बायको कलाबाई धापा टाकत आमच्या दारात आली.

"मास्तर, चला न बापा! पाळकसाहेब घरी प्याला घेऊन आले, अन् हे नाही म्हणून राहिले. मास्तरासारखा मानूस सोताले लायक नाही म्हणते, तं मी कोन, असं म्हणते. प्याला न घेताच जाईन हा मानूस!"

आम्ही गेलो. मास्तर खाटेजवळ बसले, घसा खाकरला आणि सुरू झाले, "रामाजी, त्याचं असं आहे, शास्त्रात ह्याचे दोन अर्थ..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मास्तर, खरं सांगा. नाही तर मी सांगते."

पाळकसाहेबांना काय कळायचं ते कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "पुंडलिकराव, माणूस देवापुढं आपणच आपला वकील झाला, की देवाला त्याच्या बाजूनं बोलायला जागाच उरत नाही."

मास्तर जमिनीकडे पाहत म्हणाले, "रामाजी, त्या दिवशी प्याला तुमच्यानंतर माझ्याकडे आला होता, म्हणून मी घेतला नाही. मन-बिन काही नाही. तुमची जात आडवी आली."

कलाबाईनं पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं हिच्या चुलीपाशी बसून मी चहा प्याले, आता हिच्याकडे कोणत्या तोंडानं पाहू?

रामाजी मास्तरांकडे पाहत राहिले. मग थांबत थांबत बोलले, "अन् मी इतके महिने माहं पाप शोधून राहिलो, मास्तर. कोनतं पाप, ते सापडे नाही. वाटलं, मोठंच असन, म्हणून दिसून नाही राहिलं."

रामाजींनी पाळकसाहेबांकडे हात केला. "द्या मले." कलाबाईनं त्यांना उठवून धरलं. ते प्याले आणि म्हणाले, "आता मास्तरायले द्या."

मास्तरांनी दोन्ही हातांनी प्याला धरला. एक घोट घेतला.

परत येताना ऊन रणरणत होतं. मास्तर मान खाली घालून चालले होते. बाजारचौक ओलांडला तशी मान थोडी वर आली. म्हणाले, "काही म्हण केसर, चार माणसांसमोर असं कबूल करायला छाती लागते. दुसऱ्या कोणी केलं नसतं."

मी जागच्या जागी उभी राहिले आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. एका बंद दुकानाच्या पायरीवर ते मटकन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हेही तसंच झालं न?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ते भर रस्त्यात रडू लागले, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.