पाच दिवसांचे हात

खुर्चीवरून उठली की ती आधी रुमालानं खुर्ची झटकायची, मग टेबलावर पडलेला पांढरा कोंडा तळहातानं गोळा करायची आणि कोणी बघत असेल तर म्हणायची, "लागत नाय हां."

अंधेरीच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. मला कितीतरी महिने वाटत होतं, हातांवरचे ते लाल चट्टे दुखत नाहीत असंच ती सांगतेय. मी आपली "नशीब" म्हणायचे. एकदा तिनंच हसत माझी चूक सुधारली. दुखायचं तर खूप. तिला म्हणायचं होतं, हा सोरायसिस आहे, माझ्यामुळे तुम्हाला होणार नाही. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील, स्वतःच्या दुखण्यापेक्षा दुसऱ्याच्या भीतीची काळजी करणारी.

त्वचेच्या डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, हा मुळापासून जाणार नाही, आटोक्यात ठेवायचा. अंघोळीनंतर ओलसर अंगावर मलम, ठरलेल्या गोळ्या, खाजवणं बंद. ती सगळं नेमानं करायची. अंगावरचे चट्टे कमीही झाले, हातांवरचे मात्र हटेनात. आणि गणपतीत गावाला, मालवणजवळ, सासूबाई तिला मोदकांच्या उकडीला हात लावू देत नसत. बाहेर रांगोळी काढ म्हणत.

गेल्या वर्षी मला तिचं बघवेना. माझ्या भावाची खाज एका इंजेक्शनात घालवणाऱ्या डॉक्टरचा नंबर मी तिला दिला. कुणी मागितला नव्हता, मीच दिला.

आठवड्यात हात गुळगुळीत झाले. तिनं आपल्या गोळ्या बंद केल्या आणि पाच दिवस नैवेद्याचे मोदक वळले. परत आल्यावर पंधरा दिवसांत सगळं अंग लालभडक होऊन सोलायला लागलं आणि ती कुडकुडत हॉस्पिटलात दाखल झाली. इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं, त्याचा जोर ओसरला तसा आजार दुपटीनं उसळला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी उशाशी बसून तिची माफी मागितली.

डोळे न उघडता ती म्हणाली, "एकेका मोदकाला एकवीस कळ्या पडल्या गं."

मला रडू आवरेना.

सावरायला सहा महिने गेले. यंदा श्रावण संपत आला, तेव्हा डबा खाताना तिनं सहज विचारलं, "तो नंबर आहे काय गं तुझ्याकडे?"

"नाही. केव्हाच पुसला."

"बरं केलंस. मी पण पुसते."

त्यानंतर रोज माझं लक्ष तिच्या हातांकडे जायचं, पण ती पूर्ण बाह्या मनगटाखाली ओढून बसायची. विचारायचा धीर मला झाला नाही.

काल ती गावाला गेली. निघताना तिनं माझा हात हातात घेतला. तिचे तळवे, बोटं, सगळं अगदी गुळगुळीत लागलं.