एक दिवस जास्त

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो बावीस वर्षं काचा घासत होता. पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा मालक. नंबर बरोबर उतरायचा याच्या हातून. सगळे त्याला भिंगबुवा म्हणत. त्याचं लग्न ठरत आलं होतं, तेवढ्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि तो विषय मागे पडला तो पडलाच.

वडील ट्रक चालवायचे. झटक्यानंतर अकरा वर्षं अंथरुणावर. पहाटे पाचला त्यांची कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, शेजारणीला सांगून दुकान गाठायचं. दुपारच्या सुट्टीत धावत घरी, पुन्हा कूस. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण खोडकरपणा शाबूत. मुलाला उशीर झाला की म्हणायचे, "या, पाहुणे." एवढं म्हणायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं.

धाकटी बहीण परगावी शाळेत शिकवायची. त्या वर्षी सुट्टीत आली, भावाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "दादा, आरशात बघतोस की नाही कधी? चार दिवस कुठेतरी जाऊन ये. मी आहे ना."

"कुठे जाऊ मी?"

पलंगावरून उत्तर आलं, "घळी."

ट्रकच्या दिवसांत वडील एका झिजलेल्या मातीच्या मुलखाच्या कडेनं जायचे. माल वेळेत पोचवायचा, म्हणून कधी उतरून पाहता आलं नाही. पण पोरांना त्याच्या गोष्टी सांगायचे.

"तुम्हाला टाकून कसा जाऊ, बाबा?"

म्हाताऱ्यानं डावा हात दाराकडे केला. "जा की. डोक्याला... ताप."

तिघंही हसले. मालकाच्या मेव्हण्याकडून एक छोटा तंबू उसना मिळाला. चौथ्या दिवशी दुपारी येतो, असं सांगून तो निघाला. बसमधून उतरला, डांबरी रस्ता सोडून तासभर चालला, तोवर फोनची रेंज गेली होती.

पुढे जमीन एकदम खाली कोसळलेली. तांबडे, पांढरे, राखी पट्टे असलेले मातीचे सुळके, काहींच्या डोक्यावर दगड, टोपी घातल्यासारखे. पावसानं कोरलेल्या घळी एकीतून दुसरीत शिरत होत्या. पायाखाली वाळलेला पापुद्रा बिस्किटासारखा मोडत होता. वळणावळणावर तो तीन दगड रचून खूण करत गेला. पहिल्या दिवशी सवयीनं सारखं घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत टाकलं. तिसऱ्या दुपारी एका सुळक्याच्या सावलीत पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं, टोपी तोंडावर ओढली आणि दोन तास गाढ झोपला.

चौथ्या सकाळी त्यानं तंबू गुंडाळला, पिशवी पाठीला लावली आणि जरा बसला. पाणी होतं, पाव होता, बाबांजवळ बहीण होती. पिशवी उतरवून त्यानं तंबू पुन्हा ठोकला. तो दिवस तो काहीही न करता, नुसता बसून, माती रंग बदलते ते बघत राहिला.

पाचव्या दिवशी रस्त्यावर आल्यावर फोन थरथरायला लागला. बहिणीचे निरोप एकामागून एक उतरले. बाबांना धाप लागलीय, फोन कर. डॉक्टर आलेत. मग तिसऱ्या दुपारचा: बाबा गेले. नंतर, तू उद्या येशील तोवर थांबवते सगळ्यांना. नंतर, दादा, कुठे आहेस? चौथ्या संध्याकाळचा शेवटचा: आता नाही थांबवता येत.

बस येईपर्यंत तो तिथेच उभा होता.

घरी पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. "कुठे होतास?" बहिणीनं विचारलं.

"वाट चुकलो. सगळ्या घळी सारख्याच दिसतात."

तिनं मान हलवली आणि त्याला पाणी दिलं.

भेटायला येणारे म्हणायचे, "तुझा काय दोष? वाटच चुकली." तो चहाचं आधण ठेवायला आत जायचा. दुकानात दोनदा त्याच्या हातून काच चुकीच्या नंबराची घासली गेली. मालक "चालायचंच" म्हणाला, ते त्याला टोचलं.

पुढच्या सुट्टीत बहीण आली. लोखंडी पलंग कुणाला तरी द्यायचा ठरला. दोघं त्याचे नट सोडवत बसले होते.

"मी वाट चुकलो नव्हतो," तो म्हणाला. "राहावंसं वाटलं. राहिलो."

ती पाना फिरवत राहिली. "माहितीये."

"कसं?"

"दारात आलास तेव्हा तुझा चेहरा झोप झालेल्या माणसाचा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा." नट खाली पडला. "राग आला होता रे. खूप. एकटीनं सगळं केलं मी. अजूनही येतो राग."

"येऊ दे."

"बाबांनी तुझं नाव नाही घेतलं. पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. तुला वाटत असेल हाक मारली असेल. नाही मारली."

बाप गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, उठूनही गेली नाही. त्याचं थांबेपर्यंत पलंगाची दुसरी बाजू धरून बसली.

मग दोघांनी मिळून तो सांगाडा दाराबाहेर काढला.